त्या इंजेक्शनबद्दल

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मिलिंद,

काल फोनवर वहिनी शेजारीच होत्या, म्हणून मोकळेपणानं बोलता आलं नाही. त्या क्लिनिकनं वहिनींना सुचवलेलं थायमोसिन अल्फा-१ चं इंजेक्शन सुरू करू नकोस. त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

थायमोसिन अल्फा-१ हे थोतांड नाही. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते, तिच्यात सापडलेलं हे २८ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, चालना देतं. चीनमध्ये हिपॅटायटिस बीसाठी वापरतात. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामकाची, मान्यता नाही. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, ११०० हून अधिक रुग्णांवर चीनमध्येच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. २८ दिवसांत दगावलेले, औषध मिळालेल्यांत २३.४ टक्के आणि न मिळालेल्यांत २४.१. म्हणजे सिद्ध होईल असा फायदा दिसला नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. क्लिनिकवाले म्हणतात, प्रतिकारशक्ती वाढेल. अरे, वहिनींची प्रतिकारशक्तीच त्यांच्या सांध्यांवर उठली आहे! दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट देऊन तिला आवरायचं आणि दुसरीकडून तिलाच डिवचायचं? असा धोका पत्करायचा की नाही, हे त्यांची फाईल माहीत असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

तू पाठवलेला बाटलीचा फोटो मोठा करून पाहिला. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याची नजर आधी लेबलाकडेच जाते. बॅच नंबर नाही, उत्पादन परवाना नाही, मुदत नाही. खाली बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही'. आतली पूड नेमकी कसली, निर्जंतुक आहे का, हे कोण सांगणार?

'प्रायोगिक उपचार' म्हणत असतील तर सीटीआरआयचा, म्हणजे आपल्याकडच्या औषध चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक माग. तो वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. चाचणीला परवानगी देणारी एथिक्स कमिटी कुठली, मराठीतलं संमतीपत्र कुठंय, तेही विचार. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीतल्या औषधानं इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, भरपाईही द्यावी लागते. आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. तुझ्याकडून तर पूर्ण कोर्सचा ॲडव्हान्स मागतायत.

वहिनींवर चिडू नकोस. सकाळी बोटं इतकी आखडतात की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, मी पाहिलंय. अशा माणसाला कुणी आशा दाखवली तर तो हात पुढे करणारच.

बाटल्या फ्रिजमध्ये तशाच ठेव, टाकू नकोस, डॉक्टरांना दाखवता येतील. अपॉइंटमेंट मिळाली की कळव, दुकान मुलाकडे सोपवून मी बरोबर येतो. पैसे मात्र तोवर देऊ नकोस.

तुझा,
श्रीकांत