बाबा, त्या रात्री चौकटीशी

प्रिय आई-बाबा,

आधी कबुली देते. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी लावायचे तीन दिवे मी घेतलेत. रविवारी माणूस येऊन बसवेल. "कशाला उगाच" म्हणू नका, पैसे देऊन झालेत. उजेड मंद, पिवळा आहे, झोपमोड होणार नाही. पाय टाकला की आपोआप लागतात, बटण चाचपायला नको.

खरं तर ती रात्र मनातून जात नाही. वीज गेली आणि बाबा, तुम्ही चौकटीला हात लावून नुसते उभे राहिलात. मी मागून खेकसले, "चला ना, काय झालं?" तुम्ही काहीच बोलला नाहीत.

परवा चष्म्याच्या नंबरासाठी गेले तेव्हा डॉक्टरांना विचारलं. डोळ्याच्या पडद्यावर उजेडातलं, रंगांचं, बारीक अक्षरांचं काम शंकूपेशी करतात. अगदी मधल्या शंकूपेशी म्हातारपणीही बऱ्यापैकी टिकतात. अंधारातलं काम दंडपेशींचं. मध्यभागाच्या आसपासच्या दंडपेशी तिशीपासून नव्वदीपर्यंत साधारण 30 टक्के कमी होतात, तेही निरोगी डोळ्यात. उरलेल्यांना अंधाराला सरावायला जास्त वेळ लागतो. त्यात बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही, भिंग पिवळटतं, म्हणजे पडद्यापर्यंत उजेडच कमी पोचतो. तेव्हा पेपर झरझर वाचणारा माणूस जिन्यात चाचपडतो, यात नाटक काही नाही. (आई, हे तुझ्यासाठी.)

लहानपणी दिवे गेले की "वीसपर्यंत मोज, दिसायला लागेल" म्हणायचात. मी सातलाच तुमचं बोट धरायचे. तुम्ही मात्र पूर्ण वीस मोजायचात, मोठ्याने. आता तुम्हाला शंभर लागले तरी मोजा.

बुधवारी दोघांचे पडदे तपासायची वेळ घेतलीये. डोळ्यांत थेंब घालतील, काही तास धूसर दिसेल, म्हणून गाडी बाबांनी काढायची नाही. आई, "मला सगळं दिसतं" चालणार नाही. काळा चष्मा पर्समध्ये ठेव.

आणि सरळ रेघ वाकडी दिसली, डोळ्यापुढे एकदम काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने सावली सरकली, तर ते वयावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. मला फोन नंतर.

दिव्यांची जागा पटली नाही तर त्या माणसाकडून हलवून घ्या. काढून मात्र टाकायचे नाहीत.

तुमची,
चिमणी