सूचना : संगणक क्र. ३ आणि ‘नेट बंद’ची तक्रार

सभासदांनो, नमस्कार. ठाण्यात परवा रात्री वीज गेली, तेव्हापासून वाचनालयातल्या ३ नंबरच्या संगणकावर एकही साइट उघडत नव्हती. नेट चालूच होतं हो! मदरबोर्डवरचा (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा), वीज नसताना तारीख-वेळ जपणारा सीआर२०३२ सेल संपल्याने तारीख थेट २०१५ वर गेली होती. तारीख मागे गेली की ब्राउझरला साइटचं ठरावीक मुदतीचं सुरक्षा प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा पुरावा) अवैध वाटतं आणि तो दारच उघडत नाही. सेल बदललाय.

पुन्हा अडलं तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती बरोबर असेल तर प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सेटिंग) बंद आहे ना ते पाहा, नाहीतर डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) सेटिंगमध्ये गुगलचा ८.८.८.८ टाकून बघा. राउटरची वायर मात्र कृपया उपटू नका. मागच्या वेळी तिची क्लिप तुटली, अजून चिकटपट्टीवर भागवतोय.

– कार्यवाह