बदलायच्या आधी मोजायला लावणाऱ्या टीव्हीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नाही लिहीत, पण चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांचे टीव्ही तुमच्या टेबलावरून गेलेत त्यांना कळेलच. तोंडावर आभार मानायला आले तेव्हा तुम्ही "चहा पी आणि घरी जा, पाऊस येतोय" म्हणालात, पैसे तर हातात घेतलेच नाहीत, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. आणि दुसरं म्हणजे माझ्यासारखं घरी क्वाड (चार मोटरचा ड्रोन) बनवणारं कोणी रिसीव्हरपाशी, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागापाशी, अडकलं असेल तर त्यांना पण याचा उपयोग व्हावा.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझे सतरा दिवस वाया गेले होते. पाच इंची फ्रेम, चार मोटर, एफ४०५ प्रोसेसरचा फ्लाइट कंट्रोलर (क्वाड सांभाळणारा बोर्ड), सगळं एकेक करून मागवलेलं, कारण फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे पण सुटे पार्ट आणता येतात, आणि तसंही मला स्वतःच बनवायचं होतं. रेडिओ (हातातला रिमोट) मात्र सेकंडहँड, फ्लायस्काय आय६एक्स, एका कॉलेजवाल्या मुलाकडून घेतलेला. रिसीव्हर बाइंड झाला, म्हणजे रेडिओशी जोडला गेला, लाल लाईट स्थिर लागला, आणि बीटाफ्लाइटमध्ये (कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) रिसीव्हरचा टॅब उघडला तर एकही पट्टी हलेना. स्टिक कुठेही फिरवा, सगळं मेल्यासारखं. मी परत परत बाइंड केलं, फर्मवेअर तीनदा टाकलं, वायर बदलली, यूएआर्ट (बोर्डवरचा सीरियल पोर्ट) बदलला, शेवटी वाटलं रिसीव्हरच गेलाय म्हणून नवीन मागवला आणि कंट्रोलर पण मागवायच्या बेतात होते, तो पाच हजाराच्या आसपास जात होता. आई म्हणाली एकदा काकांना दाखव. मला वाटलं टीव्हीवाले काका, त्यांना ड्रोनचं काय माहीत असणार. हे मनात आलं होतं ते आज सांगून टाकते, कारण ते मनात ठेवून आभार मानणं बरोबर वाटत नाही.

तुम्ही बोर्ड हातात घेतला नाही, आधी विचारलंत, "सिग्नल कुठपर्यंत येतोय गो?"

मी म्हटलं येतच नाहीये. तुम्ही म्हणालात येत नाही असं नसतं, कुठपर्यंत तरी येतो आणि कुठेतरी थांबतो, ती जागा आधी शोधायची आणि मगच डाग द्यायला (सोल्डर करायला) आयर्न गरम करायची. मग रिसीव्हरच्या पिनवर मीटर लावून ४.८ व्होल्ट मोजलेत, म्हणजे सप्लाय आहे. लाईट स्थिर आहे म्हणजे रेडिओ आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलतायत, हवेतलं काम झालंय. राहिली रिसीव्हरपासून कंट्रोलरपर्यंतची चार बोटांची वायर. सतरा दिवस मी पूर्ण क्वाडवर संशय घेत होते आणि तुम्ही दहा मिनिटांत चार बोटांवर आणून ठेवलंत.

वायर बरोबर पोर्टला आहे का ते पण बघितलंत. त्या रिसीव्हरवर आयबसचे (रिसीव्हरने कंट्रोलरशी बोलायची एक पद्धत) दोन पोर्ट शेजारी शेजारी असतात, एक सेन्सरचा आणि एक सर्व्होचा, पुष्कळ जण सेन्सरच्या पोर्टला जोडून बसतात. माझी वायर सर्व्होलाच होती. तेवढं तरी बरोबर होतं.

मग तुम्ही तो सीआरओ, म्हणजे सिग्नल स्क्रीनवर रेषेने दाखवणारं यंत्र, काढलात. बावीस जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत घुसली तेव्हा दुकानातलं बाकी सगळं सोडून जो माळ्यावर चढवलात, तोच. लोकांचे टीव्ही, तुमचे सुटे पार्टचे डबे, मीटर, सगळं चिखलात गेलं होतं हे मला माहीत आहे, आम्ही पण आमचा तळमजला आठ दिवस धूत होतो. त्याच सीआरओचा प्रोब माझ्या रिसीव्हरच्या सिग्नल पिनला लागला तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, तेव्हा बोलले नाही.

रेषा फिकट होती म्हणून तुम्ही दुकानातली ट्यूब बंद केलीत. हिरव्या स्क्रीनवर दिसलं की सिग्नल आहे! रिसीव्हर जिवंत होता, धडधडीत बोलत होता. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "हा रिकामा असतो तेव्हा खाली बसलाय. तुझा बोर्ड काय मागतो?" मला प्रश्नच कळला नव्हता. तुम्ही समजावलंत की वायरवर काही चालू नसताना व्होल्टेज वर असतं का खाली असतं हे दोन्हीकडे ठरलेलं असतं, साध्या सीरियलमध्ये रिकामी लाइन वर, ३.३ व्होल्टला असते, आणि ही तर शून्याला होती आणि पल्स वरच्या बाजूला उठत होते. म्हणजे सिग्नल उलटा आहे. बोर्ड सरळ सिग्नलची वाट बघतोय आणि रिसीव्हर उलटं बोलतोय.

आणि मग तुम्ही दूरदर्शनचं सांगितलंत. ॲनालॉग टीव्हीत चित्र उलटंच पाठवायचे, पांढऱ्याला कॅरियर (चित्र वाहून नेणारी लहर) कमी आणि सिंकच्या (ओळी जुळवणाऱ्या) पल्सला सगळ्यात जास्त, सेटमध्ये डिटेक्टरनंतर ते सरळ बघायचं. "सिग्नल उलटा म्हणजे बिघाड नव्हे, घेणाऱ्याला माहीत पाहिजे एवढंच." डिप्लोमाला निगेटिव्ह मॉड्युलेशन दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं मी, ते नेमकं कशाला असतं हे त्या दिवशी कळलं.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्याच्या नंतरची आहे. तुम्ही सगळ्यात बारीक पल्सची रुंदी मोजलीत. नॉब दहा मायक्रोसेकंदावर होता आणि पल्स बरोब्बर एक घर. मला म्हणालात एका बिटाला दहा मायक्रोसेकंद, मग सेकंदाला किती? एक लाख. आणि तो आकडा ऐकल्यावर माझी ट्यूब पेटली, कारण आयबस सेकंदाला ११५२०० बिटांवर चालतो, त्याचा बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदाच्या आसपास येतो, आणि बरोब्बर एक लाख वर चालतो तो एसबस, आयबससारखीच दुसरी पद्धत, आणि एसबस उलटाच असतो! मी बीटाफ्लाइटमध्ये आयबस निवडला होता, वायर आयबस लिहिलेल्या पोर्टला होती, पण रेडिओच्या सिस्टीम मेनूत आऊटपुट मोड म्हणून एक जागा आहे, तिथे आधीच्या मालकाने एसबस करून ठेवला होता. पोर्टवर काय छापलंय त्यावर मी विश्वास ठेवला आणि आत काय चाललंय ते बघितलं नाही.

मग कळलं की यूएआर्ट बदलून पण काही का होत नव्हतं. एफ४ च्या प्रोसेसरमध्ये (माझा एफ४०५ त्यातलाच) यूएआर्टचा सिग्नल आतल्या आत उलटा करायची सोय नाही, एफ७ मध्ये आहे, म्हणून एफ४ च्या बोर्डवर एसबससाठी वेगळा पॅड देतात आणि त्याच्या आधी इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल उलटवणारा छोटा भाग, बसवलेला असतो. साध्या आरएक्स (सिग्नल घ्यायच्या) पॅडवर एसबस आणला तर सेटिंगमध्ये एसबस निवडूनही तो वाचणार नाही. दोन रस्ते होते, वायर एसबसच्या पॅडवर हलवायची किंवा रेडिओत आयबस करायचा. तुम्ही म्हणालात जिथे डाग द्यावा लागत नाही तो रस्ता आधी. मोड बदलला, कॅन्सलचं बटण दाबून धरलं (या रेडिओत सेव्ह तसंच होतं, सोडून दिलं तर बदल जातो, हे पण माहीत नसेल तर माणूस चक्रावतो) आणि पट्ट्या हलल्या. मी ओरडले तेव्हा शेजारचे शिंपीकाका धावत आले होते.

हलल्या खऱ्या पण भलत्याच. उजवी स्टिक आडवी केली की थ्रॉटलची (मोटरच्या वेगाची) पट्टी पळत होती, थ्रॉटल दिला की पिचची (पुढे-मागे कलण्याची). हे मात्र मी लगेच पकडलं, कोणाच्यातरी क्वाडची सेटिंग मी जशीच्या तशी चिकटवली होती आणि त्यात चॅनलचा क्रम थ्रॉटलपासून सुरू होत होता, फ्लायस्कायचा आयलेरॉनपासून (डावीकडे-उजवीकडे कलण्यापासून) असतो. एक ओळ बदलली, झालं. पण ते तसंच राहिलं असतं तर काय, हे तुम्ही विचारलंत. उजवी स्टिक मधोमध उभी असते म्हणजे थ्रॉटल कायम १५००, १००० ते २००० मधला अर्धा. त्यावर बीटाफ्लाइट आर्मच होऊ देत नाही, थ्रॉटल १०५० च्या खाली असल्याशिवाय मोटर सुरू नाही, आणि तुम्ही म्हणालात ज्याने हा नियम घातला त्याला माझा नमस्कार सांग.

अँटेनाचं राहिलंच. मी दोन्ही तारा व्यवस्थित दिसाव्यात म्हणून फ्रेमच्या कार्बनच्या दांड्याला चिकटवून टाय मारले होते. तुम्ही बोटाने कार्बन खाजवून मीटर लावलात, वीज वाहते. "एरियल पत्र्याला चिकटवून ठेवलंस की गो." मग तोंडी हिशोब, तीनशे भागिले मेगाहर्ट्झ, २४०० ला साडेबारा सेंटीमीटर लांबी, तिचा चौथा भाग तीन सेंटीमीटरच्या थोडा वर, आणि पट्टीने मोजलं तर तारेचं सोललेलं टोक तेवढंच भरलं. आता दोन्ही तारा फ्रेमपासून लांब आणि एकमेकींना काटकोनात आहेत, क्वाड कसाही कलला तरी एक तरी रेडिओला नीट दिसते.

आता फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं. यासाठी काका तुमचे आभार कसे मानू मला कळत नाही.

पहिल्यांदा बॅटरी लावताना तुम्ही गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब सिरीजला टाकलात, कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, बोर्ड जळणार नाही. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला, छान. क्वाडचे पंखे काढलेले, फ्रेम व्हाइसमध्ये, मोटर आर्म झाल्या, फिरायला लागल्या, माझ्या दृष्टीने काम संपलं होतं, मी रविवारी सड्यावर (कातळाच्या माळावर) न्यायचं ठरवत होते. तुम्ही म्हणालात, आता रेडिओ बंद कर.

मी बंद केला. मोटर चालूच राहिल्या.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या हातात मेलेला रेडिओ आणि समोर चार मोटर त्याच वेगात फिरतायत. रिसीव्हरमध्ये फेलसेफ सेट केलेला नव्हता म्हणून तो शेवटचे आकडे तसेच पुढे पाठवत राहिला, आणि कंट्रोलरच्या दृष्टीने सिग्नल व्यवस्थित येत होता, त्याला कळणार तरी कसं की पलीकडे कोणी नाहीये. बीटाफ्लाइटचा स्वतःचा फेलसेफ आहे, पण सिग्नल गेलाय हे कळलं तरच तो जागा होणार. सड्यावर हे झालं असतं तर साडेसहाशे ग्रॅमचा क्वाड, पंख्यांसकट, जिकडे तोंड तिकडे गेला असता. सड्यावर गुरं असतात, गुराखी पोरं असतात. मी तुमच्या स्टुलावर बसून राहिले होते आणि तुम्ही काही न बोलता दुकानातला पंखा माझ्याकडे वळवलात.

मग रेडिओच्या फेलसेफच्या मेनूत थ्रॉटल सगळ्यात खाली आणि आर्मच्या स्विचचा चॅनल बंद, असं सेट केलं, म्हणजे सिग्नल गेला की रिसीव्हर स्वतःच 'बंद हो' पाठवणार. परत रेडिओ बंद केला, मोटर थांबल्या. तुम्ही म्हणालात अजून एकदा. मग अजून एकदा. दहा वेळा करायला लावलंत आणि दहाही वेळा थांबल्या, आणि मगच पंखे बसवायला परवानगी मिळाली.

रविवारी तुम्ही स्कूटर घेऊन सड्यावर आलात हे मला अपेक्षितच नव्हतं. पावसाची उघडीप होती, कातळावर गवत, लांबवर माणूस नाही. क्वाड कमरेएवढा उठला आणि थरथरत का होईना उभा राहिला, मी मागे वळून बघितलं नाही कारण नजर हलवायची हिंमत नव्हती, पण तुम्ही "राहिला, राहिला" म्हणत होतात ते ऐकू येत होतं. चार मिनिटं. उतरवल्यावर तुम्ही जवळ येऊन आधी मोटर हाताने तपासल्यात, गरम झाल्यात का म्हणून, आणि मग माझ्या पाठीवर थाप दिलीत.

मागवलेला नवीन रिसीव्हर तसाच सीलबंद पडलाय, कंट्रोलर मागवलाच नाही. वाचलेल्या पैशातून साधा लॉजिक ॲनालायझर घेतलाय, लॅपटॉपला लागतो, पल्स मोजता येतात. पण दाखवायला आणते तेव्हा सीआरओशी तुलना करू नका हां.

आणि काका, त्या सीआरओचा फोकसचा नॉब सैल झालाय, फिरवताना तुम्ही प्रत्येक वेळी बोटाने दाबून धरता ते मी बघितलंय. माप घेऊन ठेवलंय, पुण्याहून तसाच नॉब मिळालाय. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा येते आणि बसवून देते, नको म्हणू नका.

तुमची,
क्वाडवाली