‘बारा व्होल्टच तर आहे’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सौर पॅनेल आणि बॅटरी घेताना लोक दहा ठिकाणी चौकशी करतात. या दोघांच्या मधे बसून बॅटरीचं चार्जिंग आटोक्यात ठेवणाऱ्या चार्ज कंट्रोलरची मात्र कोणी दखल घेत नाही. ‘बारा व्होल्टच तर आहे, त्याने काय होतंय’ असं म्हणून तो जोडला जातो. मीही तसाच जोडला होता. काही महिन्यांनी सहज हात लागला तर चटका बसला. उघडून पाहिलं, तर बॅटरीच्या वायरचा स्क्रू सैल होता, प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं आणि वायरचं आवरण बोटभर करपलं होतं. फ्यूज शाबूत होता, कारण सैल जोड तापला म्हणून करंट वाढत नाही. तेव्हापासून वायरीच्या टोकाला लग (दाबून बसवायचं धातूचं टोपण) लावल्याशिवाय मी स्क्रू आवळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा आवळून पाहतो.

शॉक बसत नाही म्हणून धोका नाही, हा समज घातक आहे. लेड-ॲसिड बॅटरीची दोन टोकं पान्याने जुळली तर शेकडो अँपिअर करंट वाहतो. पाना लाल होतो, हातात अंगठी असेल तर बोट भाजतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून फार तर वीतभर अंतरावर हवा, आणि तो वायरीला झेपेल एवढाच. घरातला साधा स्विच इथे चालत नाही. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. बॅटरीचा आणि पॅनेलचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटती राहते. डीसीसाठीचाच ब्रेकर घ्यावा.

जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट, आधी पॅनेल. बॅटरी जोडली की बहुतेक कंट्रोलर १२ की २४ व्होल्ट ते ओळखतात. बॅटरीच नसेल तर ‘१२ व्होल्ट’ पॅनेलचे उन्हातले २१-२२ व्होल्ट थेट कंट्रोलरवर येतात. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं, म्हणून काम होईपर्यंत त्यावर जाड कापड टाकावं. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला (दिव्यांसारखी छोटी उपकरणं जोडायच्या जागेला) लावू नये, तो स्वतंत्र फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडावा. आणि कंट्रोलर बॅटरीच्या डोक्यावर बंद पेटीत नको: चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो.

यातलं बरंचसं माहितीपुस्तिकेत असतं, पण बारीक अक्षरात आणि परक्या भाषेत. सौरऊर्जेवर पुढचा लेख छापाल तेव्हा जोडण्या-काढण्याचा क्रम ठळक चौकटीत द्यावा, म्हणजे तो कापून बॅटरीशेजारी चिकटवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक