शब्दकोड्याशेजारी रोज एक चुकीचं वाक्य छापा

मा. संपादक यांना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शब्दकोडं येतं, सुडोकू येतं, राशिभविष्य तर येतंच (ते मी पण सगळ्यात आधी वाचते), त्याच पानावर दोन बोटं जागा मागायला हे पत्र लिहितेय. मागणी साधी आहे. रोज एक चुकीचं मराठी वाक्य छापा, वाचकांनी चहा पिता पिता ते पेनानं दुरुस्त करायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी बरोबर वाक्य द्यायचं आणि चूक का होती ते दोन ओळीत सांगायचं. बक्षीस नको, कूपन कापून चिकटवायचं नको, फोटो तर नकोच नको.

माझं मंगळवार पेठेत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्सचा मॅटर, वास्तुशांतीची निमंत्रणं, सोसायटीच्या नोटिसा, पोरांचे प्रोजेक्ट, सगळं येतं, आणि येतं ते बहुतेक व्हॉट्सॲपवर, कुठल्यातरी जुन्या फ्लेक्सचा फोटो काढून, "ताई फक्त नावं बदला" म्हणून. म्हणजे चूक पण वारशानं येते, एकानं कधीतरी केली आणि बाकीच्यांनी नावं बदलून पुढं चालवली.

सगळ्यात जास्त काय येत असेल तर 'आर्शिवाद'. मी म्हणते, दादा, रफार भलत्याच डोक्यावर बसलाय, तोंडानं हळू म्हणून बघा, आ, शीर्, वाद. शी म्हणून झालं की र् येतो आणि त्याला लागून वा येतो, म्हणजे रफार वा च्या डोक्यावर गेला पाहिजे, आशीर्वाद. माणूस दोनदा पुटपुटतो, मान हलवतो, पटतं त्याला, आणि मग म्हणतो, "ऱ्हाऊ द्या की ताई, सगळी तसंच लिहित्यात, उद्या बरोबर लिवलं तर लोक म्हणायचे हिनं चुकवलं." हसू येतं खरं, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. चुकीचं इतक्या वेळा डोळ्याखालून गेलंय की बरोबर लिहिलेलंच चुकल्यासारखं दिसायला लागलंय. श्रद्धांजलीचं पण तेच, द् आधी आणि ध नंतर, पण चौकाचौकात 'श्रध्दांजली', आणि तो फ्लेक्स तर तासाभरात लागायचा असतो, घरची माणसं समोर उभी असतात, तिथं व्याकरण काढून बसणारी मी कोण.

म्हणून मला वाटतं की यावर उपाय करायचा तर तो पण रोजच डोळ्याखालून जायला पाहिजे. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा होतो, २७ फेब्रुवारीला भाषा गौरव दिन होतो, ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पण अभिनंदनाचे फ्लेक्स झाले, सगळं छान आहे, पण त्यानं कुणाचा ह्रस्व-दीर्घ सुधारला असं मला तरी दुकानात बसून दिसलेलं नाही. सवय वर्षातून एकदा लागत नाही. (तालमीचं उदाहरण मुद्दाम देत नाही, कोल्हापूरचं पत्र म्हटलं की सगळे तेच देतात.)

आता लोक म्हणतात मराठी शुद्धलेखन अवघड आहे. अवघड किती, तर मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ ला त्यात अजून ४ घातले, झाले १८. मोबाइलच्या रिचार्जच्या अटी यापेक्षा जास्त असतात. आणि हे नियम आले त्याच वर्षी आपलं शिवाजी विद्यापीठ पण सुरू झालं, म्हणजे विद्यापीठ जेवढं जुनं तेवढेच हे नियम, तरी अजून आमच्याच गावाचं नाव आम्हाला धड लिहिता येत नाही. पाटीवर 'कोल्हापुर' आणि चपलेच्या डब्यावर 'कोल्हापूरी', नेमकं उलटं! गावाच्या नावातला पूर दीर्घ, मग ते नागपूर असो, सोलापूर असो. पण शब्द पुढं वाढून त्या पूरचं रूप बदललं की ऊ आखडतो, म्हणून कोल्हापुरात, कोल्हापुरी. कोल्हापूरला, कोल्हापूरचा हे मात्र तसंच राहतं कारण तिथं पूर आहे तसाच आहे, नुसतं शेपूट लागलंय. हेच गरीबचं गरिबाला, वकीलचं वकिलाला, निवडणूकचं निवडणुकीत. संस्कृतातनं जसेच्या तसे आलेले शब्द हट्टी, ते बदलत नाहीत, शरीर, शरीराला. बघा, एवढं एक सूत्र कळलं तर निम्म्या पाट्या सुधारतील, आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तर निदान डब्यावरचा पु तरी ह्रस्व असायला काय हरकत आहे.

दुसरं एक आपल्या भागातलं खास दुखणं, 'करणेत येत आहे'. पाणीपुरवठा बंद ठेवणेत येणार आहे, अर्ज स्वीकारणेत येतील, सत्कार करणेसाठी. ऑफिसातून आलेलं पत्र म्हणजे ते बरोबरच असणार असं धरून मंडळाची पोरं पण तसंच लिहून आणतात, त्यांना वाटतं 'करणेत' म्हटलं की वजन येतं. आता त्या १८ नियमांतच लिहिलंय की शेवटी ए असलेल्या नामाचं रूप 'या' चं करायचं, करणे, करण्यासाठी, म्हणजे शासनानंच मान्य केलेला नियम आणि सरकारी भाषेतच तो सगळ्यात जास्त मोडला जातो. एका कार्यालयाची नोटीस टाइप करायला आली होती, मी 'करण्यात' केलं, तर आलेल्या शिपायानं परत 'करणेत' करायला लावलं, साहेबांना तसंच लागतं म्हणाला. केलं परत. पैसे तेच.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर माझ्या पत्राचा भलताच अर्थ निघेल. रोजच्या वाक्यात आमच्या बोलीला चूक म्हणून छापू नका. आमच्याकडं "काय करालाईस" म्हणतात, "जेवलास काय" म्हणतात, बायका सुद्धा सर्रास "मी जातो, मी येतो" म्हणतात, आणि बाहेरचा माणूस ऐकून चक्रावतो. ती चूक नाही, ती इथली बोलायची रीत आहे, आणि पात्राच्या तोंडी बोली घालताना तिच्या उच्चाराप्रमाणं लिहायची सोय पण नियमात आहे. हे पत्र तरी मी कुठं पुस्तकी भाषेत लिहितेय. शाळेत पोरीनं "मी आलो" लिहिलं तर प्रमाण भाषेत "आले" लिहितात एवढं सांगावं, पण वर्गात सगळ्यांसमोर हसू नये, एकदा हसलं की ते पोर परत तोंड उघडत नाही. तुमच्या वाक्यात 'परिक्षा' घ्या, 'क्रिडा' घ्या, 'पारंपारिक' घ्या, 'महत्व' घ्या (महत् आणि त्व, म्हणून दोन त, महत्त्व), हे कुठल्याच बोलीतलं नाही, ह्या निव्वळ चुका.

दुकानात कॉलेजची पोरं विचारतात की मोबाइलच सुधारून देतो की आता, मग हे कशाला. देतो, थोडंफार देतो. पण जो शब्द दोन्ही प्रकारे लिहिला तरी अर्थ देतो तिथं मोबाइल गप्प बसतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब बिचारा, त्यामुळं 'महाराष्ट्र दीन' टाइप केलं तर मशीनच्या दृष्टीनं सगळं ठीकच आहे. इंग्रजी अक्षरांतनं मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर तर जी सूचना पहिली येते तिच्यावर बोट पडतं आणि पुढं, कोण मागं जाऊन बघतंय. शिवाय आमच्या धंद्यातली एक गंमत, जुन्या फॉन्टात रफार अक्षर टाकल्यावर वर ठेवायचा, आताच्या युनिकोड फॉन्टात आधी र चा पाय मोडायचा आणि मग पुढचं अक्षर, त्यामुळं हात ज्या सवयीचा आहे त्याप्रमाणं रफार कुठंही जाऊन बसतो आणि नजर तयार नसेल तर तो तसाच छापून जातो.

एक गिऱ्हाईक आहेत, इतिहासाचा नाद असलेले, ते मला नेहमी गप्प करायला बघतात. म्हणतात, जुन्या मोडी लिपीत कुठं होतं ह्रस्व-दीर्घ, शब्दांत जागा सोडत नव्हते, स्वल्पविराम नाही काही नाही, तरी राज्यं चालली की. खरंय त्यांचं. पण त्या मोडी कागदांची गठ्ठेच्या गठ्ठे दप्तरं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपून ठेवतात तिथं) आहेत आणि ती वाचायला आज शिकलेला माणूस शोधावा लागतो. ते लिहिणारे कारकून होते, वाचणारे पण कारकूनच. आता लिहितो सगळं गाव आणि वाचतं पण सगळं गाव. विरामचिन्हं मराठीत रुळवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात, तोच कँडी ज्याचा मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात हात होता. म्हणजे स्वल्पविराम आपल्याकडं तसा पाहुणाच, पण आता घरचा झालाय, आणि रोजच्या वाक्यात आठवड्यातनं दोनदा तरी नुसती विरामचिन्हं खाल्लेलं वाक्य द्या. पत्रिकांमध्ये नावांच्या यादीत तर एक स्वल्पविराम गेला की दोन काकांचे एक काका होतात, आणि मग लग्नात कोण रुसतं ते मला सांगायला नको.

माझी मोठी जाऊ झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, ती हे वाक्य दुरुस्तीचं रोज सकाळी फळ्यावर करते, तिच्याशी बोलूनच हे सगळं डोक्यात आलं. पण तिचं म्हणणं माझ्यापेक्षा सावध आहे. ती म्हणते चूक शोधायला पोरं पटाईत होतात, हात वर करून करून वर्ग डोक्यावर घेतात, आणि मग त्याच तासाला निबंध लिहायला सांगितला की तीच चूक करतात. अमेरिकेतल्या शाळांत फळ्यावर रोज चुकीची वाक्यं दुरुस्त करून घ्यायची पद्धत बरीच जुनी आहे आणि तिकडं पण तिच्यावर हीच टीका झाली. ग्रॅहॅम आणि पेरिन या दोन अभ्यासकांनी २००७ साली आधीची बरीच संशोधनं एकत्र तपासली, त्यात सुटं व्याकरण शिकवून लिखाण सुधारत नाही असं दिसलं, उलट लहान वाक्यं जोडून एक मोठं वाक्य करायचा सराव कामाला आला. ते तिकडचं झालं इंग्रजीचं, पण जाऊबाईंच्या वर्गात वेगळं काही दिसत नाही. आता ती काय करते, फळ्यावरचं वाक्य दुरुस्त झालं की पोरांनी त्याच शब्दाचं स्वतःचं एक वाक्य वहीत लिहायचं, घरातलं, रानातलं, गावातल्या म्हशीचं पण चालतं. मगच हजेरी. त्यानं फरक पडतोय म्हणते.

तर तुम्ही पण तसं करा असं सुचवते. सहा दिवस चूक शोधायची आणि रविवारी तीन तुटक वाक्यं देऊन त्याचं एक सरळ वाक्य करायला सांगा. एका वाक्यात दोनच चुका ठेवा, दहा चुका कोंबलेलं वाक्य कुणी लिहीत नाही, ते बघून माणूस हसतो आणि पान उलटतो. वाक्य पाठ्यपुस्तकातलं नको, 'रामाने आंबा खाल्ला' नको, नोटिशीतलं, पत्रिकेतलं, मेसेजमधलं असू दे, पण कुठलं दुकान, कुठलं मंडळ ते अजिबात छापू नका, नाहीतर माझंच गिऱ्हाईक जायचं. आणि उत्तर छापताना बरोबर वाक्य मोठ्या ठळक अक्षरात, चुकीचं बारीक किंवा नाहीच, कारण शेवटी डोळ्यात राहतं ते ठळकच. स्पर्धा परीक्षेची पोरं गावात इतकी आहेत, पोलीस भरतीला, तलाठ्याला मराठी व्याकरण असतंच, ती तरी नक्की सोडवतील. त्यांना समासाचे प्रकार तोंडपाठ असतात, अर्ज मात्र माझ्याकडनं लिहून घेतात.

आणि अधूनमधून तुमच्याच अंकातलं एखादं वाक्य पण घ्या. राग मानू नका, पण रात्री उशिरा आलेल्या बातमीत काय काय सुटतं ते आम्हा टाइप करणाऱ्यांना पटकन दिसतं. पेपरनं स्वतःचं वाक्य दुरुस्त करून दाखवलं तर वाचकाला पण लाज वाटणार नाही.

जागा द्यायचं ठरलं तर पहिलं वाक्य मी देते, एक चूक शब्दाची आणि एक विरामचिन्हाची, उत्तर वेगळ्या कागदावर लिहून ठेवलंय, छापायच्या दिवशी कळवा म्हणजे पाठवते:

"मिरवणूकीच्या मार्गावर वाहने लावू नयेत लावल्यास ती उचलून नेली जातील."

आपली नेहमीची वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर