चालू फ्रिज का काढला

जुळे सोलापूर,
१४ जून

प्रिय बाळ्यास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर दोन मिनिटांत विचारता आलं असतं ते तू चार पानं खरडून विचारलंस, म्हणून मीही फोन बाजूला ठेवून लिहायला बसलोय. तसंही आमच्याकडं दुपारपासून लाईट नाही. तुझा प्रश्न एका ओळीचाच आहे: ‘गाडीतला चालू फ्रिज काढून कुणी नवा बसवतं का बे?’ त्याच्या आजूबाजूला ज्या शिव्या आहेत त्या तुझ्या वहिनीनं वाचल्या नाहीत असं समज.

फ्रिज चालू होता, अजूनही आहे. पण तो चालणार तुझ्या पाचगणीत, माझ्या सोलापुरात नाही. हेच मला कळायला एक अख्खा उन्हाळा गेला.

गाडी घेतली तेव्हा तू बरोबर होतास. ट्रॅव्हलर मिनीबसचं फिरतं घर केलेलं, आत आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेला तो परदेशी थ्री-वे फ्रिज. गॅसवर चालतो, घरच्या लाईटवर चालतो, गाडीच्या बारा व्होल्टवरही चालतो. तू त्याला कान लावून विचारलं होतंस, ‘बंद आहे काय?’ इतका गप्प. मग डिसेंबरात गाडी आठ दिवस तुझ्या अंगणात उभी होती, तेव्हा सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फाच्या सुया दिसायच्या. मला वाटलं, काय माल घेतला आपण!

मे महिन्यात आबांना घेऊन हंपीला निघालो. आबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात, डब्यात डबा करून. पहाटे निघायचं ते नेहमीप्रमाणं नऊ वाजले. विजापूर काही लांब नाही, शंभर किलोमीटर. गोलघुमटाजवळ एका लिंबाखाली गाडी लावली, गॅस पेटवला, फ्रिज गॅसवर टाकला आणि आम्ही आत फिरून आलो. दोन तासांनी आबांचं जेवण आणि सुई. डबा काढला तर हाताला गार लागेना. थर्मामीटर आत ठेवला होता, त्यावर २१ अंश. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. बाहेर ४३ होतं. आबा काही बोलले नाहीत. समोरच्या चहावाल्याकडून त्यांनी एक लहान मडकं मागून घेतलं, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मडक्यात ठेवली, मडक्यावर ओला पंचा गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले. तसेच हंपीजवळच्या होस्पेटपर्यंत. दर अर्ध्या तासानं बाटलीतलं पाणी पंच्यावर शिंपडायचे. मी आरशातून बघत होतो. एकदा म्हणाले, ‘ह्याला वायर लागत नाही.’

बाळ्या, तेव्हा ठरवलं.

आता तुझ्या ‘का’चं उत्तर. ह्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतोच. मागं खालच्या बाजूला ज्योत किंवा हीटर असतो, तो अमोनिया मिसळलेलं पाणी उकळवतो. अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या पट्ट्यांमध्ये गार होऊन तिचा द्रव होतो, तो आत उतरून हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जातो आणि उडताना आतली उष्णता ओढून घेतो. खाली पाणी त्या वाफेला परत पिऊन टाकतं, की पुन्हा चूल. पंप नाही, मोटार नाही, सगळं उष्णतेवर आणि उतारावर. १९२२ साली स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स यांनी हे शोधून काढलं. डोकं भारीच. पण स्टॉकहोमची पोरं ती, सोलापूरचा मे त्यांच्या हिशेबात कुठून असणार?

कारण मागच्या पट्ट्यांना उष्णता टाकायला हवा गार लागते. ४३ची हवा, त्यात तापलेला पत्रा, मग अमोनियाच्या वाफेचा द्रव व्हायचा कसा? ढोबळ हिशेब असा की असला फ्रिज बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंश खाली नेतो. तुझ्याकडं २२ असलं की आत बर्फ. माझ्याकडं ४३ असलं की २१. म्हणजे तो बिचारा विजापुरात आपलं काम चोख करत होता.

दुसरं, उतार. गाडी उभी असताना जरा कलली की आतला द्रव नको तिथं साचतो आणि फिरणं थांबतं. तसाच तासन्‌तास तापवत ठेवला तर कायमचा जातो. चालत्या गाडीत एवढं बिघडत नाही, हेलकावे खाऊन तो आपोआप सावरतो. मी गवंड्याची पाणसळ घेऊन फिरायचो. जिथं मुक्काम तिथं आधी चाकाखाली फळ्या. तुझी वहिनी म्हणायची, घर बांधताना एवढं बघितलं असतंत तर मोरीचं पाणी उंबऱ्याकडं आलं नसतं.

तिसरं, वीज. बारा व्होल्टवर त्याचा हीटर १२० वॉट खातो, म्हणजे १० अँपिअर, आणि तो मधे थांबत नाही. दिवसरात्र चालवला तर जवळजवळ तीन युनिट. माझी १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी निम्मी वापरावी म्हणतात, म्हणजे सात तासांत खेळ खलास. म्हणून गाडी उभी असली की गॅस, आणि गाडी चालू असताना गॅस बंद, पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी तर बंदच. ह्या तीन बटनांच्या नादात मी दोनदा दूध नासवलंय.

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, घरचाच सिंगल डोअर टाक, इन्व्हर्टरवर चालव, एवढा खर्च कशाला? सल्ला वाईट नाही. जो माणूस रोज संध्याकाळी लाईटचा पॉइंट असलेल्या जागीच थांबतो त्यानं तेच करावं, निम्म्याच्या आत काम होतं. पण सुरू होताना तो एकदम जोराचा करंट ओढतो, त्याला पुरेल असा मोठा इन्व्हर्टर पाहिजे, आणि तो इन्व्हर्टर रात्रभर नुसता चालू ठेवला तरी स्वतःच बॅटरी पीत बसतो. शिवाय दाराला खटका नाही. नळदुर्गच्या वळणावर दार उघडून अंडी बाहेर आली तर पुसणार कोण?

म्हणून बारा व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसरचा घेतला, ८५ लिटरचा. चालतो तेव्हा ४५ वॉट, आणि सारखा चालत नाही. आतली थंडी साधली की थांबतो. मे-जूनच्या उन्हात दिवसातला अर्धा वेळ धर, तरी अर्ध्या युनिटच्या आसपास. तीनच्या जागी अर्धा! खर्च झाला, लपवत नाही. दिवाळीला गॅलरीची फरशी बदलायची होती, ती आता पुढच्या दिवाळीला.

जुना काढायला एक आख्खा रविवार गेला. विडी घरकुल वसाहतीतला एक वायरमन आला होता, निम्मं तेलुगू निम्मं मराठी बोलणारा, हात मात्र सोन्याचा. गॅसची नळी आम्ही हात लावायच्या आधी गॅसच्या माणसाकडून सोडवून घेतली, तोंडाला पितळी बूच बसवलं, साबणाचा फेस लावून बघितला. फुगा नाही म्हटल्यावरच पुढं. मग कळलं की फ्रिज गाडीच्या दारातून निघतच नाही, आधी आत ठेवून नंतर ओटा बांधलेला! ओट्याची कड कापली. जुन्या फ्रिजच्या हवेसाठी असलेल्या बाहेरच्या दोन्ही जाळ्या तशाच ठेवल्या, धुराचं भोक तेवढं पत्रा मारून बुजवलं. कॉम्प्रेसरलाही वारा लागतोच, म्हणून वरच्या जाळीशी कॉम्प्युटरमधला एक लहान पंखा लावलाय, गरम हवा बाहेर ओढायला. नवा फ्रिज उंचीला चार बोटं कमी. त्या फटीत खण केला, त्यात आता शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. खाली आपली जुनी चादर चौपदरी घालून ठेवली, खडखड बंद.

आणि पहिल्याच रात्री फ्रिज बंद पडला.

एक बारीक लाल दिवा एकदा मिचकायचा, थांबायचा, परत एकदा. मी दुकानदाराला काय काय बोलायचं त्याची उजळणी करून झोपलो. सकाळी वायरमननं मीटर लावला. बॅटरीवर १२.१, फ्रिजच्या टोकाला, तो चालू व्हायला गेला की ११.२. जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गायब. जुनीच वायर वापरली होती आम्ही, दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची बारीक, पुढून फिरवून आणलेली, जायला सात मीटर आणि यायला सात. बारीक नळातून पाणी यावं तसं. फ्रिजला वाटलं बॅटरी मेली, तिला वाचवायला त्यानं स्वतःला बंद केलं. फ्रिज शहाणा निघाला, गाढव मीच. सहा स्क्वेअरची नवी तार थेट बॅटरीपासून ओढली, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज टाकला, आणि तोटा पाव व्होल्टच्या आत आला. दुकानदाराला केला नाही तो फोन बरा झाला. तुला कधी असलं काही करायचं झालं तर तारेत काटकसर करू नकोस, एवढंच सांगेन.

नंतर बॅटरीही बदलली, लिथियमची १०० अँपिअर-अवरची. सव्वा युनिट साठतं. सोलरला ऊन नसेल तरी दोन दिवस निघतात, आणि सोलापुरात ऊन नसेल असं होतं कधी?

परवा अक्कलकोटला जाऊन आलो, मुद्दाम भर दुपारी. पार्किंगमध्ये तीन तास गाडी उन्हात. आत ५ अंश. आबांनी डब्याला हात लावून बघितला, मग गालाला लावून बघितला. मडकं मात्र अजून गाडीतच आहे, त्यांनी उतरवू दिलेलं नाही.

आता तुझा फ्रिज. हो, तुझाच. गॅलरीत चादरीत गुंडाळून उभा करून ठेवलाय, आडवा केलेला नाही. तुझ्या शेतावरच्या खोलीत लाईट दिवसाआड जाते, तिथं ह्याच्यासारखा नाही. पाव ते अर्धा किलो गॅस दिवसाला, पाच किलोची टाकी दहा-वीस दिवस जाईल. पण बसवताना पाणसळ लाव. मागची बाजू भिंतीच्या बाहेर उघडी राहू दे आणि धूर बाहेर काढ, बंद खोलीत ज्योत लावून झोपायचं नाही, ह्यात थट्टा नाही. मागं पिवळी पूड दिसली किंवा नाकाला अमोनिया झोंबला तर गॅस बंद करून सरळ भंगारात दे.

पाऊस जोर धरायच्या आत टेम्पो घेऊन ये. काकूंना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येताना महाबळेश्वरचा मध आण दोन बाटल्या, पण आबांच्या समोर पिशवीतून काढू नकोस.

तुझाच,
दिल्या