‘एका संशोधनानुसार’ म्हणजे कुठल्या?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत म्हातारपण आणि मृत्यू या विषयांवर हल्ली मोकळेपणाने छापून येतं, हे मला आवडतं. तरी एक तक्रार आहे.

माझी पत्नी गेली, त्याआधीचे पाच-सहा दिवस तिने पोटात काही घेतलं नाही. मी चमच्याने पाणी पाजायला जायचो, ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. एकदा तर मी तिच्यावर चिडलोसुद्धा. ती उपाशी गेली, हे काही केल्या मनातून जाईना. पुढे पुरवणीत वाचलं, ‘एका संशोधनानुसार अखेरच्या दिवसांत रुग्णाला भूक लागत नाही.’ कुणाचं संशोधन, कधीचं, किती माणसांवर, काही पत्ता नाही.

म्हणून ग्रंथालयात जाऊन डेटाबेससमोर बसलो. ‘डेथ’ शोधलं, तर पेशींचा मृत्यू, मेंदूमृत्यू, अर्भकांचे आकस्मिक मृत्यू, असा नोंदींचा ढीग. ‘एजिंग’ शोधलं तर काँक्रीट आणि बॅटऱ्याही म्हाताऱ्या होतात असं कळलं. त्यात या शब्दाची स्पेलिंगं दोन, ब्रिटिश लोक मधला ‘ई’ ठेवतात, अमेरिकन गाळतात. ‘ड्रिंकिंग’ टाकलं आणि दारूवरचे लेख पुढ्यात आले. मला हवं होतं दोन चमचे पाणी!

शेवटी ग्रंथपाल बाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “काका, तुमचे शब्द नकोत, त्यांचे शब्द द्या.” पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमधल्या लेखांना ठरावीक विषयशीर्षकं लावलेली असतात; ‘मेश’ नावाची ही यादी १९६० पासून चालत आली आहे. माझ्या प्रश्नाचं तिथलं नाव ‘टर्मिनल केअर’. ६५ वर्षांपुढची माणसं ‘एज्ड’ या शीर्षकाखाली आणि ८० पुढच्यांसाठी आणखी एक वेगळं शीर्षक. मी ६९ वर्षांचा, म्हणजे माझा खणही तिथे तयारच होता. सारख्या अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात टाकायचे आणि असे दोन कंस ‘अँड’ने बांधायचे. ‘नॉट’ मात्र जपून वापरायचं. मी ‘नॉट चिल्ड्रन’ लिहिलं, तर मुलं आणि म्हातारे दोघांवर एकत्र लिहिलेले लेखही गळून गेले.

तिसऱ्या दिवशी लेख सापडला. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला, १९९४ सालचा, पहिल्या लेखकाचं आडनाव मॅककॅन. एकूण ३२ मरणासन्न रुग्ण, सगळे शुद्धीवर असलेले. त्यांतल्या २० जणांना भूक अशी लागलीच नाही, ११ जणांना फक्त सुरुवातीला लागली. तहान आणि तोंडाची कोरड घोटभर पाण्याने, बर्फाच्या तुकड्यांनी, ओठ ओले ठेवून शमवता येत होती. शेवटच्या दोन रात्री मी ओल्या कापसाने तिचे ओठ टिपत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ती ओळ मी बाईंना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली.

पण आयुष्यभर हिशेब तपासले, त्यामुळे दुसऱ्याच क्षणी नजर ३२ या आकड्यावर गेली. एका ठिकाणचे ३२ जण. त्यांत माझी पत्नी नव्हती. हा आकडा बातमीत छापला असता, तर ‘रुग्णाला भूक लागत नाही’ असं सरसकट वाक्य आपल्या वार्ताहराला लिहिताच आलं नसतं.

तेव्हा विनंती एवढीच की, अशा मजकुराखाली एक ओळ द्या. नियतकालिकाचं नाव, साल, पहिल्या लेखकाचं आडनाव, किती जणांवर अभ्यास झाला तो आकडा आणि डीओआय, म्हणजे त्या लेखाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो क्रमांक असला की ग्रंथालयातला कुणीही तो लेख मिनिटभरात काढून देतो. मला तीन दिवस लागले. जागा नसेल तर फोटो लहान करा. सुरकुतलेल्या हातावर तरुण हात, हा फोटो आपण याच वर्षी चारदा छापला आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस